खावटी, वेठ आणि लग्नगडी: आपली गरिबी आली कुठून?



गटाच्या बैठकीत कोणी ना कोणी म्हणतंच, "आपण आधीपासूनच गरीब." पण आधीपासून म्हणजे कधीपासून?

डहाणू-तलासरीत आपले वारली पूर्वज जंगलात जागा साफ करून नागली-वरई पिकवायचे. १८१७-१८ मध्ये पेशवाई गेली, इंग्रज आले. त्यांनी जमीन मोजली, सारा रोख पैशात मागितला. रोकड नव्हती तो सावकाराकडे गेला आणि हळूहळू जमीन सावकाराच्या नावावर चढली. १८७८ च्या वन कायद्यानं जंगलही सरकारजमा होत गेलं. शेत तेच, राबणारे तेच, पण आता ते कूळ!

पावसाळ्यात घरात दाणा नसला की मालकाकडून खावटी घ्यायची, पीक आल्यावर दीडपट, कधी दुप्पट भात परत करायचं. वर वेठ, म्हणजे फुकट राबणं. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवरा लग्नगडी व्हायचा. बायकोही सोबत राबायची आणि मालक तिच्या शरीरावरही हक्क सांगायचा. आपल्या आज्या-पणज्यांनी हे सोसलंय, म्हणून स्पष्ट लिहिते. कर्ज फिटायचंच नाही, कारण हिशोबाची वही मालकाकडे. (गटाची वही दर बैठकीत मोठ्यानं वाचा असं मी सारखी का सांगते, कळलं ना?) सिमिंग्टन नावाच्या सरकारी अधिकाऱ्यानंच लग्नगड्यांबद्दल अहवालात लिहिलं होतं. तरी वेठ चालूच राहिली.

ती मोडली आपल्याच लोकांनी. मे १९४५ मध्ये झरीच्या सभेत वारल्यांनी ठरवलं: वेठ करायची नाही, दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय मालकाच्या कामावर जायचं नाही. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर सोबत होते. १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. पण वेठ आणि लग्नगडी संपले.

जमिनीचा प्रश्न मात्र राहिला. २००६ चा वनहक्क कायदा आला, त्याच्या प्रस्तावनेतच आदिवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याचं मान्य केलंय. या कायद्यात लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा असतो. तुमच्या घरी पट्टा आला असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या, त्यावर तुमचं नाव आहे का ते बघू. दावा अडकला असेल तर त्याची पोचपावती आणा.