पॉवर टिलरचा क्लच : दोष कसा ओळखावा, कसा दूर करावा

मृगाचा पाऊस पडून राबातील रोप वर आले की किहीमच्या भातखाचरांत चिखलणीची घाई सुरू होते. अलिबाग तालुक्याच्या या किनारपट्टीवर खाचरे लहान व बांध अरुंद असल्याने मोठा ट्रॅक्टर तेथे सहज वळत नाही. अशा ठिकाणी पॉवर टिलर फार उपयोगी पडतो.

रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की लावणी व्हावयास हवी. कर्जत-३ सारख्या हळव्या जातीचे रोप राबात अधिक दिवस राहिल्यास फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. नेमक्या याच दिवसांत इंजिन जोरात चालते, पण चाके फिरत नाहीत, अशी तक्रार उद्भवते. मग "क्लच गेला" असे समजून यंत्र कारागिराकडे धाडले जाते आणि लावणीचा आठवडा वाया जातो. वास्तविक पुष्कळदा क्लच गेलेला नसतो. तो नीट जुळविलेला नसतो, इतकेच.

क्लचचे कार्य

इंजिनची शक्ती पट्ट्यांवाटे क्लचच्या पुलीवर येते. या पुलीत कोरड्या चकत्या असतात. स्प्रिंगच्या दाबाने त्या एकमेकींस घट्ट धरतात व शक्ती गिअरपेटीकडे जाते. मुख्य क्लचचा दांडा 'बंद' खुणेवर आणला की दाब सुटून चकत्या मोकळ्या होतात. यावरून दोष मुख्यतः दोन प्रकारचे ठरतात : चकत्या घट्ट न धरणे आणि चकत्या मोकळ्या न होणे. दोहोंचे उपाय परस्परांच्या उलट आहेत. म्हणून दोष ओळखल्याखेरीज पाना हाती घेऊ नये.

क्लच घसरत असल्यास

प्रथम इंजिन बंद करून पट्टे तपासावेत. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यास साधारण दीड ते दोन सेंटीमीटर दबावा. नेमके माप यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. पट्ट्याच्या कडा चकचकीत झाल्या असतील व रबराचा वास येत असेल, तर दोष क्लचचा नसून ढिल्या पट्ट्याचा समजावा.

पट्टे ठीक असल्यास दांड्याची ढील पाहावी. दांडा हलविताना आरंभी तो थोडा मोकळा चालला पाहिजे. ही ढील मुळीच नसेल, तर चकत्यांवर पूर्ण दाब पडत नाही व त्या घसरून जळतात. जोडसळईवरील नट फिरवून पुस्तिकेत दिलेली ढील ठेवावी. तरीही घसरण न थांबल्यास चकत्या झिजल्या आहेत किंवा त्यांवर तेल उतरले आहे असे समजावे. अशा वेळी तेलाची गळती आधी बंद करून मगच चकत्या बदलाव्यात. क्लचच्या चकत्यांस ग्रीस किंवा तेल कधीही लावू नये.

क्लच सुटत नसल्यास

दांडा 'बंद' खुणेवर आणूनही यंत्र पुढे सरकते, गिअर टाकताना खरखर होते. हा दोष अधिक धोक्याचा आहे. बांधाजवळ वळताना पाय घसरला आणि यंत्र थांबले नाही, तर रोटरची पाती माणसाचा पाय तोडू शकतात. असा टिलर क्षणभरही चालवू नये. येथे ढील प्रमाणाबाहेर वाढलेली असते; ती कमी करावी. सांधे गंजले असल्यास साफ करून त्यांस तेल द्यावे. मात्र ते चकत्यांकडे उतरणार नाही याची दक्षता घ्यावी. चकत्या गंजून चिकटल्या असतील, तर काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे.

मुठीखालील दोन लहान दांडे वळविण्यासाठी असतात; यंत्र थांबविण्यासाठी त्यांचा उपयोग करू नये. तीव्र उतारावर ते उलट काम करतात, म्हणजे डावा दांडा दाबल्यास यंत्र उजवीकडे वळते. म्हणून बांधावरून उतरताना खालचा गिअर ठेवून सावकाश उतरावे.

खाऱ्या वाऱ्यापासून जपणूक

किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत उघडे लोखंड लवकर गंजते. लावणी आटोपताच टिलर गोड्या पाण्याने धुऊन कोरडा करावा. पाण्याचा झोत क्लचवर मारू नये. सांध्यांना तेल द्यावे. यंत्र बराच काळ ठेवावयाचे असल्यास मुख्य क्लच 'बंद' खुणेवर ठेवावा, म्हणजे चकत्या एकमेकींस चिकटत नाहीत.

राब पेरण्यापूर्वीच, मे महिन्यात, गावातील प्रत्येक टिलरचे पट्टे, दांड्याची ढील आणि सांधे तपासून घेण्याचा परिपाठ ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी व सहायक कृषी अधिकाऱ्यांनी ठेवावा. या तपासणीस अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही. तेवढ्याने लावणीचे दिवस वाचतात आणि चालकाचा पायही सुरक्षित राहतो.