आकड्यांआडचे किशोरवय

किशोरवयीन मुलींच्या आरोग्यासंबंधी सरकारदरबारी जे जे बेत आखले जातात, त्यांचा आधार बहुधा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हाच असतो. १९९२-९३ पासून चालत आलेल्या आणि मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने सांभाळलेल्या या उपक्रमाचे आकडे कितपत विश्वासार्ह आहेत, हा प्रश्न म्हणूनच केवळ संख्याशास्त्रज्ञांपुरता राहत नाही.

२०१९-२१ च्या पाचव्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबे आणि ७ लाख २४ हजार स्त्रिया यांची विचारपूस झाली. आधी गावे व वस्त्या यादृच्छिक रीतीने निवडायच्या, तेथील घरांची यादी करून तीतून २२ घरे ठराविक अंतराने घ्यायची, आणि निवडलेल्या घराला कुलूप आढळले तरी सोयीखातर शेजारच्या दाराची कडी वाजवायची नाही, असा येथला दंडक आहे. मूठभरांच्या उत्तरांवरून कोट्यवधींविषयी अनुमान काढण्याचा अधिकार शास्त्राला मिळतो, तो या शिस्तीमुळेच.

प्रश्नांची योजनाही विचारपूर्वक केलेली असते. आज अविवाहित असलेल्या सोळा वर्षांच्या मुलीचे पुढल्या वर्षी लग्न होईल की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही. म्हणून बालविवाहाचे प्रमाण २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांना लग्नाचे वय विचारून काढतात. हे प्रमाण २००५-०६ मध्ये ४७.४ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २३.३ टक्क्यांवर आले. कायद्याच्या धाकाने काहींनी सतराचे अठरा सांगितले असेल हे मान्य केले, तरी एवढी घसरण निव्वळ लपवाछपवीने घडणे संभवत नाही. तिची दिशा निःसंशय खरी मानावी, तिचे नेमके माप मात्र जपून स्वीकारावे.

खरी अडचण उभी राहते ती अविवाहित मुलीपुढे. पंधरा-सोळा वर्षांची ती मुलगी माजघरात बसलेली, आधी आईवडिलांची व मग तिची संमती घेतलेली, पलीकडे चुलीपाशी चुलती वावरत असलेली, आणि समोर दोन घटकांपूर्वी ओळख झालेली प्रश्नकर्ती बाई; अशा वेळी शरीरसंबंधाविषयीच्या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर सर्वांत सुरक्षित असते. त्यातून २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलीशी असा संबंध हा, तिची संमती असली तरी, गुन्हाच ठरतो. तेव्हा खरे सांगण्यातली जोखीम अधिकच वाढते. नमुना लहान असल्यामुळे होणारी चूक घरांची संख्या वाढवली की घटते; भयापोटी दिलेले ‘नाही’ मात्र घरे दसपट केली तरी त्याच प्रमाणात येत राहते, आणि अहवालात ते वस्तुस्थिती म्हणून छापले जाते.

यावर उपाय नाही असे नाही. २००६-०७ मध्ये याच संस्थेने पॉप्युलेशन कौन्सिलच्या सहकार्याने महाराष्ट्रासह सहा राज्यांत युवकांची जी पाहणी केली, तीत मुलाखतीच्या अखेरीस एका कार्डावर होय-नाहीची खूण करून ते लिफाफ्यात बंद करून देण्याची मुभा होती. आणि तोंडी उत्तरांत न आलेल्या काही कबुल्या त्या लिफाफ्यांतून हाती आल्या.

आणखी दोन उणिवा ध्यानात ठेवाव्यात. २०१४ चा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. सर्वेक्षणातील स्त्रियांची मुलाखत मात्र पंधराव्या वर्षापासून सुरू होते, म्हणजे ज्या वयात बहुतेक मुलींना प्रथम ऋतुप्राप्ती होते, ते वयच तिच्या कक्षेबाहेर राहते. दुसरी उणीव सरासरीची. महाराष्ट्रातील बालविवाहाचे प्रमाण पाचव्या फेरीत २१.९ टक्के निघाले, पण बीड आणि परभणी या जिल्ह्यांत ते चाळीसच्या पुढे होते. जिल्हानिहाय तक्त्यांत काही आकडे कंसात असतात, काही ठिकाणी आकड्याऐवजी केवळ तारांकन असते. पन्नासांहून कमी जणींवर आधारलेला आकडा कंसात द्यावा आणि पंचविसांहूनही कमी असतील तर तो देऊच नये, असा तेथील संकेत आहे. अहवालाचा हा प्रामाणिकपणा वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही उतरावा, एवढी अपेक्षा गैरवाजवी नव्हे.

सर्वेक्षण त्याज्य ठरवणे हा अविचार होईल. ते नसते तर बीडची व्यथा राज्याच्या सरासरीत बुडून गेली असती. तथापि जिला निर्भयपणे बोलता आले नाही, तिच्यासाठी दवाखान्यात खोली नसते, समुपदेशक नसतो आणि अंदाजपत्रकात तरतूदही नसते. म्हणून पुढील फेऱ्यांत घरे किती वाढवली याइतकीच, प्रत्येक मुलीला उत्तर देण्यासाठी एकांत किती मिळाला, याचीही नोंद सरकारने ठेवली पाहिजे आणि ती आकड्यांच्या शेजारीच प्रसिद्ध केली पाहिजे.