शरीराचें घड्याळ आणि सरावाची वेळ

२००८ सालीं बीजिंग येथें झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत पोहण्याच्या शर्यतींचा नेहमींचा क्रम उलटा करण्यांत आला. प्राथमिक फेऱ्या सायंकाळीं व अंतिम शर्यती सकाळीं ठेवल्या गेल्या. बीजिंगची सकाळ म्हणजे अमेरिकेंतील आदल्या दिवसाची सायंकाळ. तेथील प्रेक्षकांना दूरचित्रवाणीवर शर्यती पाहणें त्यामुळें सोयीचें झालें. पण पोहणाऱ्यांच्या देहाला ही वेळ सोयीची होती काय?

निरोगी माणसाच्या शरीराचें उष्णमान पहांटे ४-५ च्या सुमारास सर्वांत कमी असतें. तें हळूहळू चढत जाऊन दिवस कलल्यावर शिखर गांठतें. फरक सुमारें अर्ध्या ते एक अंश सेल्सिअसचाच. परंतु ऊबदार स्नायू अधिक चपळपणें काम करतात. म्हणून बळाचीं व वेगाचीं कामें बहुतेकांना सकाळपेक्षां सायंकाळीं अधिक चांगलीं साधतात.

हा चढउतार केवळ ऊन, जेवण व कामधंदा यांमुळें होत नाहीं. १९३८ सालीं क्लाइटमन हे शास्त्रज्ञ अमेरिकेंतील मॅमथ गुहेंत एका सहकाऱ्यासह ३२ दिवस राहिले. तेथें सूर्यप्रकाश नव्हता, आणि दोघांनीं २८ तासांचा ‘दिवस’ पाळला. तरुण सहकाऱ्याच्या शरीरानें तो स्वीकारला. क्लाइटमन यांचें उष्णमान मात्र २४ तासांच्या चालीनेंच चढत-उतरत राहिलें. हें घड्याळ चालविणारा पेशींचा लहानसा पुंजका मेंदूच्या तळाशीं असतो, आणि डोळ्यांवाटे येणारा प्रकाश त्याचे कांटे जुळवितो, हें आतां ठाऊक झालें आहे. पेशींतील या घड्याळाची रचना उलगडणाऱ्या तिघां शास्त्रज्ञांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हे कांटे एका रात्रींत फिरत नाहींत. दूरदेशीं गेलेल्या खेळाडूस तासाभराच्या फरकामागें सुमारें एक दिवस लागतो. पण शरीराला संवयही लागते: रोज सकाळीं सराव करणाऱ्याची सकाळची उणीव पुष्कळ कमी होते. म्हणून ज्या प्रहरीं सामना, त्याच प्रहरीं कांहीं आठवडे सराव करावा, हा नियम ठरला. बीजिंगला १०० मीटर बटरफ्लाय शर्यतींत फेल्प्स यांस ५०.५८ सेकंद लागले, तर दुसऱ्या आलेल्या चाविच यांस ५०.५९. जेथें सेकंदाच्या शंभराव्या भागानें सुवर्णपदक हातचें जातें, तेथें सरावाची वेळ ही क्षुल्लक बाब उरत नाहीं.

घरांतील मुलांच्या बाबतींतही हें ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. वयांत येणाऱ्या मुलांचें घड्याळ स्वभावतःच उशिरा चालतें. त्यांस पहांटे जाग येत नाहीं तो सर्वस्वीं आळस नव्हे. रात्रीं उशिरा निजलेल्या मुलाला झोपेंतून ओढून मैदानावर धाडल्यास व्यायामाचा लाभ उणावतो व इजेचें भय वाढतें. पहांटेचाच सराव करावयाचा असेल, तर आधीं निजण्याची वेळ मागें आणावी, उठतांच उजेडांत जावें आणि अंग नीट ऊबदार झाल्यावरच जोराचा व्यायाम आरंभावा.