हिंवाळ्यांतील सायकलस्वार आणि त्याचे पाय

शिक्षणासाठीं हॉलंडला गेलेला आपल्याकडील विद्यार्थी बहुधा पहिल्या महिन्यांतच सायकल विकत घेतो. त्या देशाची वस्ती सुमारें १ कोटि ८० लाख, आणि सायकली मात्र २ कोटींहून अधिक. तेव्हां विद्यापीठ, बाजार आणि रेल्वेस्टेशन या तिन्ही ठिकाणीं जावयाचें तें सायकलीवरूनच. सप्टेंबरपर्यंत या प्रवासांत आनंदच असतो. नोव्हेंबर लागला म्हणजे मात्र पाऊस आणि वारा हे दोघेहि बरोबरीनें निघतात, आणि जानेवारींत तेथील सरासरी उष्णमान तीन-चार अंश सेल्सिअसच्या आसपास येतें. मग टेलिफोनवर घरीं तक्रार येते ती पायांची: "बोटें बधिर होतात." घरांतील वडील मंडळी तत्काळ उपाय सांगतात, "दोन मोजे घाल."

हा सल्ला मायेचा खरा. परंतु पुष्कळदां त्यामुळेंच पाय अधिक गार पडतात. असें कां होतें तें आज पाहूं. मर्म एकदां ध्यानांत आलें म्हणजे उपाय पाठ करावे लागत नाहींत.

पहिली गोष्ट ही कीं, मोज्याच्या अंगीं स्वतःची ऊब मुळींच नसते. पायाला ऊब मिळते ती रक्तापासून. मोजा फक्त ती जपून ठेवतो. शरीर गारठूं लागलें म्हणजे हृदय, मेंदु इत्यादि मुख्य इंद्रियांची उष्णता राखण्यासाठीं हातापायांच्या कातडीकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. तंगीच्या दिवसांत आपण माडीवरचे दिवे आधीं मालवितों, तसाच हा व्यवहार. पायांचीं बोटें हृदयापासून सर्वांत दूर, आणि त्यांत मांसहि थोडें. म्हणून काटकसरीची पहिली झळ त्यांना लागते. अशा वेळीं अरुंद बुटांत दोन जाड मोजे कोंबले तर उरलेल्या रक्ताचा मार्गहि चेपला जातो. शिवाय मोज्याची ऊब ही खरोखर त्याच्या धाग्यांत अडकलेल्या स्थिर हवेची करामत असते. दाबून बसलेल्या मोज्यांत ती हवाच राहत नाहीं.

पायीं चालणाऱ्यापेक्षां सायकलस्वाराचे पाय लवकर गारठतात, यालाहि कारणें आहेत. चालतांना पाऊल पदोपदीं वांकतें आणि रक्त खेळतें राहतें. पॅडलवर तें जवळजवळ ताठ असतें, आणि पॅडल धातूचें असलें तर तें चवड्यांतील ऊब ओढून घेतें. त्यांतून सायकलस्वार आपला वारा आपणच निर्माण करतो. १९३९ ते १९४१ या काळांत पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघां अमेरिकन संशोधकांनीं अंटार्क्टिकांत, वाऱ्यांत पाणी किती वेळांत गोठतें हें मोजून वाऱ्याच्या गारठ्याचा हिशेब मांडला. पुढें २००१ सालीं अमेरिका व कॅनडा यांनीं त्याची सुधारलेली पद्धत स्वीकारली. तिच्याप्रमाणें ५ अंशांच्या हवेंत ताशीं २० किलोमीटरचा वारा असतां उघड्या चेहऱ्याला ती हवा सुमारें १ अंशाची भासते. सायकलस्वाराला समोरून थोडा वारा असला तर एवढा वेग सहज भरतो. आणि जाळीचे बूट असले तर तो थेट बोटांपर्यंत पोंचतो.

परंतु वाऱ्याहूनहि मोठा चोर म्हणजे पाणी. स्थिर हवेच्या मानानें पाणी सुमारें २४ पट अधिक उष्णता वाहून नेतें. ओला मोजा वाळूं लागला म्हणजे तर दुहेरी नुकसान होतें. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास जी उष्णता लागते, तिच्यांत बर्फाइतकें थंड असें जवळजवळ सहा ग्रॅम पाणी उकळीला येईल. आणि ही उष्णता पुरविणार कोण? तर आपला पाय! आपल्या पावसाळ्यांत चपला घालून पाय भिजले तरी आपणांस विशेष कांहीं वाटत नाहीं, कारण तो पाऊस उबदार हवेंतला असतो. पांच अंशांत तेंच भिजणें निराळें ठरतें.

याचा कठोर धडा पहिल्या महायुद्धानें दिला. १९१४-१५ च्या हिंवाळ्यांत फ्रान्स व बेल्जममधील खंदकांत हजारों शिपायांचे पाय जायबंदी झाले, आणि त्या आघाडीवर हिंदी शिपाईहि लढत होते. या विकाराला ट्रेंच-फूट असें नांव पडलें. तो होण्यास पाणी गोठण्याइतकी थंडी लागत नाहीं. ओल, गारठा आणि आवळलेला पाय हीं तीन एकत्र आलीं व बराच वेळ टिकलीं कीं पुरे. शिपायांचे बूट ओले असत, आणि पिंढऱ्यांवर गुंडाळलेल्या पट्ट्या भिजून अधिकच आवळत. पाय रोज तपासावे, पुसून कोरडे करावे आणि कोरडे मोजे चढवावे, हा नियम सक्तीचा झाला तेव्हां या विकाराला पुष्कळ आळा बसला. अर्ध्या तासाच्या सायकलप्रवासानें कोणावर तशी पाळी येत नाहीं. परंतु शत्रु तेच तीन आहेत आणि त्यांचा बंदोबस्तहि तसाच करावा लागतो.

तेव्हां प्रथम पाणी अडवावें. पावसांत पाय भिजतात ते वरच्या सरींनीं, तसेच पुढल्या चाकानें उडविलेल्या पाण्यानेंहि. म्हणून पुढच्या मडगार्डाला जमिनीपासून चार बोटांवर येईल असा रबराचा पडदा लावावा. हा उपाय अल्पमोली खरा, पण महागड्या बुटांच्या बरोबरीचें काम करतो. दुसरें असें कीं, पावसाळी विजारीचा पायघोळ बुटाच्या बाहेरून खालीं यावा. तो बुटांत खोंवला तर पोटरीवरून ओघळणारें पाणी आंत उतरतें, आणि मग जलाभेद्य बूट म्हणजे पाणी न गळणारी बादलीच होते. बुटावर चढविण्याचीं निओप्रीनचीं किंवा रबरी आवरणें मिळतात. तीं वारा आणि पाणी दोन्ही थोपवितात.

नंतर बूट. तो नेहमींच्या मापाहून एक नंबर मोठा असावा. जाड मोजा घालूनहि आंत बोटें मोकळीं हलावींत, हीच त्याची कसोटी. तळाशीं नमद्याचा किंवा बुचाचा पातळ तुकडा घातला तर पॅडलचा गारवा वर चढत नाहीं. नाडी सैल बांधावी. मोजा एकच, पण लोंकरीचा घ्यावा. लोंकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका दमटपणा पोटांत घेते तरी ओली लागत नाहीं. सुती मोजा घामानेंहि चिंब होऊन कातडीला चिकटतो. आणि पोटऱ्या व धड उबदार ठेवावें. अंगांत पुरेशी ऊब आहे अशी शरीराची खात्री पटली म्हणजे तें पायांकडील रक्त आंखडून धरीत नाहीं. एखादे दिवशीं बोटें गार पडलींच, तर खालीं उतरून शंभर पावलें सायकल हातांत धरून चालावें.

मुक्कामीं पोंचल्यावर मोजे तत्काळ बदलावे; कोरड्या मोज्यांचा एक जोड पिशवींत नेहमीं असावा. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरावे आणि दोन तासांनीं ते बदलावे. सकाळपर्यंत बूट पुष्कळ वाळतात. ते शेगडीजवळ ठेवूं नयेत, चामडें तडकतें.

शेवटीं एक इशारा. गारठ्यानें पाय आधीं दुखतो आणि मग दुखणें थांबतें. तें थांबलें म्हणजे पाय सुधारला असें मुळींच समजूं नये. तो बधिर झालेला असतो. हॉलंडमधील पुष्कळ सायकलींचा ब्रेक उलटें पॅडल मारून लावावयाचा असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे बधिर पायाचा धोका वेगळा सांगावयास नको. असा पाय चोळूं नये, आणि शेगडीवर किंवा कढत पाण्यांत धरूं नये. भाजलें तरी त्याला कळत नाहीं. ओला मोजा काढावा, पाय टिपून कोरडा करावा, पांघरूण घ्यावें, कांहीं उष्ण प्यावें. मधुमेही माणसानें ही काळजी दुप्पट घ्यावी. बधिरपणा ओसरेना, रंग पालटला किंवा फोड आले, तर वेळ न दवडतां डॉक्टर गांठावा.

यापुढें परदेशच्या मुलानें पाय गारठल्याचें कळविलें, तर मोज्यांची संख्या वाढविण्यापूर्वीं त्याला दोन प्रश्न विचारावे: बुटांत बोटें हलतात कां? आणि मोजे कोरडे आहेत कां? या दोहोंचें उत्तर होकारार्थी आलें, तर एक मोजाहि पुरतो.