ऑफिससाठी थर्मल बाइंडिंग मशीन घेताय? आधी कव्हरचा हिशेब मांडा

टेंडर भरण्याची मुदत उद्या संपतेय आणि अहवालाच्या प्रती अजून झेरॉक्सच्या दुकानात बाइंडिंगच्या रांगेत आहेत, हा अनुभव छोट्या कार्यालयांना नवा नाही. त्यामुळे ‘मशीन ऑफिसातच घेऊन टाकू’ असा विचार होतो. थर्मल बाइंडिंग मशीन चालवायला सोपे आहे. चुकते ती निवड. किंमत पाहून मशीन घेतले जाते आणि मग कळते, की आपल्या कागदांना ते सोयीचेच नव्हते. खरेदीपूर्वी काय तपासावे?

हे मशीन करते काय?

थर्मल बाइंडिंगसाठी खास कव्हर लागते. बहुतेक कव्हरची पुढची बाजू पारदर्शक प्लास्टिकची, मागची जाड कागदाची असते आणि आत पाठीच्या पट्टीवर, म्हणजे स्पाइनवर, सुकलेला गोंद असतो. कागद कव्हरमध्ये ठेवून ते मशीनच्या खाचेत उभे करायचे. उष्णतेने गोंद वितळतो आणि कागदांच्या कडांना धरतो. साधारण मिनिटभराचे हे काम. नंतर काही मिनिटे प्रत उभीच थंड होऊ द्यावी लागते. घाईने उघडून पाहिल्यास पाने सुटतात.

कव्हरच्या जाडीला इतके महत्त्व का?

कारण मशीन एकदा घ्यायचे, कव्हर मात्र दर वेळी लागते. नेहमीच्या ८० जीएसएम कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे ३० कागदांना ३ मिमी, ६० कागदांना ६ मिमी स्पाइन, असा ढोबळ हिशेब. हिशेब पृष्ठांचा नव्हे, कागदांचा करायचा. पाठपोट छापलेला २०० पृष्ठांचा अहवाल म्हणजे १०० कागद, म्हणून १० मिमी.

स्पाइन फार रुंद असेल तर कागद आत हलतात आणि वाकडे चिकटतात. अरुंद असेल तर कव्हर फुगते आणि कडेचे कागद गोंदापर्यंत नीट पोहोचत नाहीत. त्यामुळे दोन-तीन मापांची कव्हरे ऑफिसात ठेवावीच लागतात. मागच्या सहा महिन्यांतील अहवाल काढा, कागद मोजा. कोणती मापे लागतील, ते लगेच कळेल.

स्पायरल बरे की थर्मल?

वही टेबलावर सपाट उघडून काम करायचे असेल, उदाहरणार्थ प्रशिक्षण पुस्तिका किंवा मॅन्युअल, तर स्पायरलच बरे. थर्मल प्रत पूर्ण सपाट उघडत नाही. त्यामुळे छापतानाच डावीकडे जास्त मार्जिन सोडावे लागते. मात्र तिच्यात भोके पाडावी लागत नाहीत, ती पुस्तकासारखी दिसते आणि कपाटात नीट उभी राहते. ग्राहकाला किंवा बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालाला ती शोभते.

पाने बदलता येतात, हा फायदा की धोका?

दोन्ही. एखादे पान चुकले तर प्रत पुन्हा गरम करून ते बदलता येते. पण हीच सोय दुसऱ्यालाही आहे. अनेक टेंडरमध्ये स्पायरल नको, पाने सुटी होणार नाहीत असे बाइंडिंग हवे, अशी अट असते. थर्मल प्रत पक्की दिसली तरी तेवढ्याने ती छेडछाडमुक्त ठरत नाही. म्हणून प्रत्येक पृष्ठावर क्रमांक, सही-शिक्का आणि सुरुवातीला एकूण पृष्ठांची नोंद हवीच. टेंडरच्या अटीत ‘हार्ड बाउंड’ लिहिले असेल, तर थर्मल चालेल का, हे संबंधित कार्यालयाला आधी विचारा.

मशीनमध्ये काय पाहावे?

- खाचेची लांबी : ए-४ कागद २९७ मिमी लांब, तर लीगल ३५६ मिमी. लीगल कागद बांधायचे असतील तर मशीन आणि कव्हर दोन्ही त्या मापाचे मिळतात का, ते पाहा.
- क्षमता : खाचेत किती जाड प्रत मावते? एका वेळी किती प्रती बसतात? दहा प्रती एकदम लागणाऱ्या ऑफिसला हा प्रश्न महत्त्वाचा.
- सुरक्षा : काम झाल्याची सूचना देणारा आवाज आणि आपोआप बंद होण्याची सोय असावी.
- थंड करण्याचा स्टँड : तो मशीनसोबत असेल तर उत्तम.
- पुरवठा : कव्हर आपल्याच शहरात, हव्या त्या मापात, नेहमी मिळते का? दुरुस्ती कोण करणार?

पैसे कधी वसूल होतात?

समजा, दुकानात एका प्रतीला ६० रुपये पडतात आणि कव्हर ३५ रुपयांना मिळते. म्हणजे प्रतीमागे २५ रुपये वाचले. महिन्याला २० प्रती होत असतील तर बचत ५०० रुपये. मशीन ९,००० रुपयांचे असेल तर ते वसूल व्हायला १८ महिने लागतील. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, तिथे आपल्या गावातील दर घाला. महिन्याला चार-पाचच प्रती होत असतील, तर दुकानच परवडते.

कोणते कागद यात घालू नयेत?

मूळ करारनामे आणि कायम जतन करायची कागदपत्रे नकोत. गोंद कडांना राहतो आणि पुढे स्कॅनरमध्ये कागद अडकू शकतो. पेट्रोल पंप, एटीएम यांच्या थर्मल कागदावरील पावत्या उष्णतेने काळ्या पडतात, त्यांची झेरॉक्स लावा. गुळगुळीत, चकचकीत आर्ट पेपरला गोंद नीट धरत नाही. तयार प्रत उन्हात बंद गाडीतही ठेवू नये, गोंद मऊ पडू शकतो.

विक्रेत्याकडे जाताना आपल्याच ऑफिसातील छापील कागद न्या. समोर एक प्रत बांधून घ्या, ती पूर्ण थंड होऊ द्या आणि मधले एक पान ओढून पाहा. ते निघाले, तर मशीन कितीही स्वस्त असले तरी तुमच्या कामाचे नाही.