राखीव प्रतीची परीक्षा

संगणकांतील माहितीची राखीव प्रत ठेवली म्हणजे निर्धास्त झालों, असें पुष्कळांस वाटतें. गिटलॅब कंपनीचा अनुभव निराळा आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजीं तेथील एका तंत्रज्ञाच्या हातून मुख्य माहितीसंग्रह चुकून पुसला गेला. राखीव प्रत शोधूं जातां ती मिळेना! संग्रहाची आज्ञावली ९.६ आवृत्तीची होती; प्रत काढणारें साधन मात्र ९.२ चें चाले. जुन्या साधनास नवा संग्रह वाचतां येईना; तें प्रत न काढतांच थांबे. बिघाडाची सूचना देणारे ईमेलही नाकारले जात. सहा तासांपूर्वीं अन्य कामासाठीं सहज घेतलेल्या प्रतीनें बहुतेक संग्रह वांचला. मधल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. तात्पर्य, आज्ञावली बदलली कीं प्रतीचें साधनही तपासावें, आणि प्रतीवरून संग्रह पुन्हा उभा राहतो कीं नाहीं, हें प्रत्यक्ष करून पाहावें.