घटनादुरुस्ती, सत्तेचा तोल आणि आपण

राज्यशास्त्राच्या वर्गात एक प्रश्न दरवर्षी येतो आणि तो बहुधा मागच्या बाकावरून येतो. 'बाबासाहेबांची घटना बदलू देणार नाही' अशी घोषणा आपण देतो. मग २०२३ पर्यंत तिच्यात १०६ दुरुस्त्या कशा झाल्या? प्रश्न रोखठोक आहे. दुरुस्तीची वाट घटनाकारांनीच ३६८ व्या कलमात आखून ठेवली आहे. म्हणून दुरुस्ती झाली की घटना बुडाली, असे मानण्याचे कारण नाही. आणि दोन तृतीयांश मतांनी रीतसर मंजूर झाली म्हणून ती न्याय्य ठरली, असेही नाही. मला वाटते, प्रत्येक दुरुस्तीला आपण एकच प्रश्न विचारला पाहिजे : ती करणाऱ्याची चूक उद्या दुसऱ्या कुणाला सुधारता येईल, की तो मार्गच ती बंद करते? आपल्या प्रजासत्ताकाची पहिली तीस वर्षे या प्रश्नाच्या उजेडात वाचण्यासारखी आहेत.

कायदेमंडळाने कायदा करावा, कार्यकारी मंडळाने तो राबवावा, न्यायमंडळाने तो तपासावा, हा शाळेतला पाठ आहे. पण या वाटणीमागचा विचार काय? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धती आणि इंग्लंडची संसदीय पद्धती यांची तुलना केली होती. सरकार स्थिरही हवे आणि जबाबदारही हवे. दोन्ही गोष्टी सारख्या मापाने मिळत नाहीत. म्हणून मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, हक्क मोडले तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची मुभा देणाऱ्या, आजच्या ३२ व्या कलमाला त्यांनी घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले. ज्या माणसाच्या बाजूने गावात कधीच बहुमत नसते, त्याला केवळ मताचा हक्क पुरत नाही. बहुमताने केलेल्या अन्यायाविरुद्ध दाद मागण्याची जागाही त्याला लागते. सत्तेच्या तोलाशी आपले नाते इथे आहे.

आता १९५१ कडे वळू. मद्रास राज्यात वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांत जातवार जागावाटपाचा हुकूम होता. दर १४ जागांपैकी ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागासलेल्या हिंदूंना, २ ब्राह्मणांना, २ अस्पृश्य मानलेल्या जातींना आणि उरलेल्या दोन ख्रिस्ती व मुसलमान समाजांना, असा तो हिशेब. चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम रद्द केला. दुर्बल घटकांच्या शिक्षणाची काळजी घ्या, असे सांगणारे ४६ वे कलम हे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि मूलभूत हक्कापुढे ते चालत नाही, असा निर्णय झाला. शतकानुशतके ज्यांना शाळेच्या दारात उभे केले नव्हते, त्यांना समतेच्याच नावाने दाराबाहेर ठेवण्याची ही सोय झाली. त्याच वर्षी जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि १५ व्या कलमाला चौथे उपकलम जोडले गेले. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते आणि संसदेत त्यांनी तिचे समर्थन केले. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. ज्या राखीव जागेवर मला प्रवेश मिळाला, तिचा घटनात्मक आधार हे उपकलम आहे. न्यायालय चुकले तेव्हा संसदेने दुरुस्त केले, आणि त्यासाठी न्यायालयाचे दार बंद करावे लागले नाही.

पण याच पहिल्या दुरुस्तीत आणखी दोन गोष्टी होत्या. भाषणस्वातंत्र्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाने बंधने घालण्याची वाट तिने मोकळी केली. आणि जमीनदार न्यायालयात जाऊन जमीनसुधारणा अडवत होते म्हणून नववे परिशिष्ट निर्माण करून त्यात १३ कायदे ठेवले. हे कायदे मूलभूत हक्कांच्या विरोधात आहेत, या कारणावरून ते रद्द करता येणार नव्हते. हेतू चांगला होता. परंतु कायद्याला न्यायालयापासून संरक्षण मिळाले म्हणून भूमिहीनाला जमीन मिळाली का? मिळाली असती तर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाला १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचा सत्याग्रह करून तुरुंग भरावे लागले नसते. कायदा राबवणाऱ्यांचे हितसंबंधच जमिनीत गुंतलेले असतील, तर केवळ न्यायालयाला बाजूला सारून काही होत नाही, हा धडा आपण तेव्हाच घ्यायला हवा होता.

पुढचा झगडा सर्वांच्या परिचयाचा आहे. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात ११ न्यायाधीशांनी ६ विरुद्ध ५ अशा मतांनी ठरवले की, संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही. संसदेने १९७१ मध्ये २४ वी दुरुस्ती करून तो अधिकार परत घेतला. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांपैकी ७ जणांनी मध्यम मार्ग काढला : संसदेला कोणतेही कलम दुरुस्त करता येईल, मात्र घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. हा खटला केरळच्या जमीनसुधारणेविरुद्ध एका मठाधिपतींनी लावला होता, हे विसरू नये. जमिनीच्या रक्षणासाठी सुरू झालेल्या वादातून लोकशाहीच्या रक्षणाचे तत्त्व निघाले. निकालानंतर लगेच तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून सरन्यायाधीशपदी अजितनाथ राय यांची नेमणूक झाली. न्यायालय सरकारच्या विचाराचे हवे, हा इशारा होता.

तो खरा ठरला आणीबाणीत. ऑगस्ट १९७५ मधल्या ३९ व्या दुरुस्तीने पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढला. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षे केली, उच्च न्यायालयांचे अधिकार आखडले, आणि कोणत्याही घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे लिहून टाकले. याच दुरुस्तीने उद्देशिकेत 'समाजवादी' व 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द घातले आणि गरिबांना मोफत कायदेविषयक मदत देण्याचे ३९-अ कलमही आणले. एका हाताने वकील दिला आणि दुसऱ्या हाताने न्यायालय काढून घेतले! पुरोगामी शब्दांच्या सोबतीने सत्ता एकाच ठिकाणी गोळा होते तेव्हा ते ओळखणे अवघड जाते, म्हणून हे उदाहरण आपल्या कार्यकर्त्यांनी विशेष अभ्यासावे.

आणि न्यायालय? २८ एप्रिल १९७६ रोजी स्थानबद्धांच्या खटल्यात चार न्यायाधीशांनी सांगितले की, आणीबाणी असेपर्यंत अटक बेकायदा आहे म्हणूनही दाद मागता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलले गेले. तेव्हा न्यायालय हे दुबळ्यांचे कायमचे आश्रयस्थान आहे, या भ्रमातही आपण राहू नये. संसद चुकते, न्यायालय चुकते, सरकार तर रोज चुकते. तिघे एकाच वेळी एकाच बाजूला झुकले की दुबळ्याला उभे राहायला जागा उरत नाही.

हा तोल सावरला तोही दुरुस्तीनेच. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षे केली. 'अंतर्गत अशांतता' या मोघम कारणाच्या जागी 'सशस्त्र उठाव' हे शब्द आले, आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला आवश्यक झाला, आणि जीविताचा हक्क देणारे २१ वे कलम आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४२ व्या दुरुस्तीतला तो न्यायालयबंदीचा भाग रद्द केला.

अलीकडचा दाखला महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाचा आहे. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील अटकेपूर्वी चौकशी व परवानगीच्या अटी घातल्या. २ एप्रिलला देशभर बंद झाला, त्यात माणसे बळी गेली. ऑगस्टमध्ये संसदेने १८-अ हे कलम घालून त्या अटी निष्प्रभ केल्या; ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले आणि २०२० मध्ये ते कलम वैध ठरवले. घटनेला हात लावावा लागला नाही. साधी कायदादुरुस्ती पुरली, कारण रस्त्यावरचा माणूस, संसद आणि न्यायालय या तिन्ही वाटा उघड्या होत्या.

शेवटी, हा तोल दिल्लीपुरता नसतो. आपल्या वस्तीला राज्यसत्ता दिसते ती तहसील कचेरीत. कार्यकारी आणि न्याय यंत्रणा वेगळ्या करा, असे ५० वे कलम सांगते. तरीही जमावबंदीचा हुकूम काढणारा दंडाधिकारी महसूल खात्याचाच असतो, आणि तडीपारीचा प्रस्ताव पोलिसांनी पाठवला की त्यावर प्रांत निर्णय देतात. दिल्लीतली वाटणी तालुक्यात पोहोचेपर्यंत अशी पातळ होते.

याहून बोलका पुरावा ४४ व्या दुरुस्तीतच आहे. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला स्थानबद्ध ठेवण्याची तीन महिन्यांची मुदत तिने दोन महिन्यांवर आणली होती, आणि ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने नेमावे असे म्हटले होते. मात्र तरतुदी कधी लागू करायच्या, ती तारीख ठरवणे सरकारकडे ठेवले होते. हा भाग आजवर लागू झालेला नाही. १९८१ मध्ये न्यायालयानेही सरकारला तसा आदेश देण्यास नकार दिला. त्यानंतर वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली. संसदेने मंजूर केलेली घटनादुरुस्ती एका अधिसूचनेवाचून पडून आहे, आणि स्थानबद्धतेचा कायदा कुणावर चालतो हे चळवळीत काम करणाऱ्यांना सांगायला नको. घटना वाचवण्याची भाषा करणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला पुढच्या निवडणुकीत हे विचारा : ती अधिसूचना तुम्ही काढणार का, आणि कधी?